काचेपलीकडची खुर्ची

"हात लावा ताई, चावत नाही ते," बेलसरे साहेब म्हणाले आणि पॅनलसमोरून बाजूला झाले.

मी पदराला हात पुसले. पुसले तरी ओलेच राहिले. पॅकिंगमधल्या बाईचे हात दिवसभर ओलेच असतात. समोर टीव्हीएवढी काच होती आणि तिच्यावर आमचा अख्खा हॉल चित्रासारखा काढलेला होता. दुधाची टाकी, नळ्या, पिशव्या भरायचं मशीन, पट्टा आणि शेवटी कोल्ड रूम. बंद असलेलं सगळं तांबडं, चालू असलेलं हिरवं. मी टाकीच्या चित्राखाली बोट टेकवलं. तांबडं चाक हिरवं झालं आणि त्याच वेळी पलीकडं खराखुरा व्हॉल्व्ह टक् करून उघडला. कुणी तो फिरवला नव्हता, कुणी कुणाला हाक मारली नव्हती. पिशव्या पट्ट्यावरून सरकत आल्या, एका बारक्या दिव्यासमोरून जाताना मोजल्या गेल्या, आणि वरून लोंबणाऱ्या लोखंडी हातानं एक थर एकदम उचलून क्रेटमध्ये अलगद मांडला. एकही पिशवी फुटली नाही.

"झालं," बेलसरे म्हणाले. "आता लाईन तुम्ही चालवताय."

काचेच्या पलीकडं आमच्या सगळ्या बाया उभ्या राहून बघत होत्या. त्या लोखंडी हाताला आम्ही सोंड म्हणायचो. कांचन सगळ्यांच्या पुढं होती, काचेला नाक लावून. मी तिच्याकडं बघून हसले. तीही हसली.

ही गोष्ट वाघेरीच्या सहकारी दूध संघातली. त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा आम्ही दहा-बारा बायका पॅकिंगला होतो. मशीनमधून पिशव्या धडाधड पडायच्या आणि आम्ही त्या उचलून क्रेट भरायचो, क्रेटवर क्रेट रचायचो, ओढत कोल्ड रूमला न्यायचो. पायात गमबूट, डोक्याला रुमाल. बोटांची कातडी पांढरी पडून सोलून यायची. काम वाईट होतं, पण वाघेरीत बाईमाणसाला बारमाही काम देणारी दुसरी जागाच नव्हती.

कांचनला तिथं मी आणलं होतं. ती आमच्याच गल्लीतली, माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी लहान. तिचा नवरा सर्जेराव उसाच्या ट्रॉलीवरून पडला आणि कमरेखाली लुळा पडला. तेव्हा मीच मोरबाळे साहेबांच्या पाया पडून तिला लावून घेतलं. मोरबाळे म्हणजे आमचे प्लँट मॅनेजर. पहिल्या आठवड्यात तिचे हात फुटले तर माझ्या वाट्याच्या क्रेट मी भरायचे आणि तिच्यापण मीच भरायचे. पुढं ती सरावली. जिभेला धार होती तिच्या. साहेबाला तोंडावर बोलायचं असलं की बाया तिलाच पुढं करायच्या. मी बारावी सायन्स झालेली, पण चारचौघांत तोंड उघडायला घाबरायचे. कालव्याच्या रस्त्यानं आम्ही दोघी रोज बरोबर जायचो आणि बरोबर यायचो. मला सख्खी बहीण नाही. ती उणीव तिच्यामुळं मला कधी जाणवली नाही.

नवीन ऑटोमॅटिक लाईन बसवायला पुण्याहून बेलसरे साहेब आले. तरुण, चष्मा लावणारे, प्रत्येक बाईला 'अहो ताई' म्हणणारे. चाचणीच्या दिवसांत त्यांना हाताशी कुणीतरी लागायचं. पॅनलवर इंग्रजीत काय काय उमटायचं ते मला वाचता यायचं, म्हणून ते मला बोलवायचे. लाईन का थांबली, कुठली पिशवी अडकली, सगळं पॅनल सांगायचं. रात्री दूध संपलं की नळ्यांमधून गरम पाणी, औषध, पुन्हा पाणी असं आपलं आपणच फिरून मशीन आतून धुऊन निघायचं. ते मला फार आवडायचं. कोपरापर्यंत हात घालून ब्रश मारायची मला सवय होती ना.

एक दिवस मोरबाळे साहेबांनी सगळ्यांना जेवणाच्या सुट्टीत थांबवलं.

"लाईन पुढच्या महिन्यात चालू होतीय," ते म्हणाले. "आता क्रेट भरायला माणूस लागणार नाही. कुणाला घरी बसवायची मला हौस नाही, पण संचालक मंडळाचा ठराव झालाय. दिवसपाळीच्या पॅनलला एक ऑपरेटर लागेल. ती तुमच्यातलीच घ्यायची असं मी भांडून कबूल करून घेतलंय. महिनाभर पुण्याला कंपनीत ट्रेनिंग आहे. बेलसऱ्यांनी मालनचं नाव दिलंय."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. आनंदही झाला होता आणि तो तोंडावर दिसू नये म्हणून मी खाली बघत होते.

साहेब गेले. मग शमशादभाभी म्हणाल्या, "चला, एकीचं तरी भलं झालं." त्या आमच्यात वयानं मोठ्या. त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, पण बाकीच्या बाया माझ्यापासून हातभर लांब बसून जेवल्या.

संध्याकाळी कालव्यावरून येताना कांचन माझ्या दोन पावलं पुढं चालत होती. निम्मा रस्ता झाल्यावर म्हणाली, "घेणार मग तू?"

"काय करू? तूच सांग."

"मी काय सांगू. तुझं नशीब चांगलं आहे."

"कांचे, असं बोलू नको गं."

"चांगलं आहे म्हणाले, वाईट आहे म्हणाले का?" असं म्हणून तिनं विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी क्रेट धुवायच्या जागेमागं, जिथं आम्ही जेवायला बसायचो, तिथं तिनं सगळ्यांना गोळा केलं. बोलताना तिचा आवाज कापत होता.

"ह्यांचा डाव ओळखा. एकीला खुर्ची द्यायची आणि बाकीच्यांची तोंडं बंद करायची. उद्या आपण संचालकांच्या दारात जाऊन बसलो तर म्हणतील, तुमच्यातलीच एक घेतली की. मी म्हणते, घ्यायचं तर सगळ्यांना कुठंतरी घ्या. लॅबला घ्या, लोणी-तुपाला घ्या, साफसफाईला घ्या. नाही तर कुणीच ट्रेनिंगला जायचं नाही. बाईशिवाय लाईन चालू करून दाखवा म्हणावं."

"आणि त्यांनी बाहेरचा माणूस आणला तर?" शमशादभाभींनी विचारलं.

"एका महिन्यात कुठून आणतील? बेलसऱ्याला परत जायची घाई आहे." मग ती माझ्याकडं वळली. "पण हे सगळं मालनच्या हातात आहे. तिनं हो म्हटलं की संपलं."

फुटक्या पिशव्यांचं दूध आम्हाला चहाला मिळायचं. कांचननं त्यातलं थोडं वाटीत ओतलं आणि वाटी मधे ठेवली. म्हणाली, "बोट बुडवा आणि म्हणा. एक तर सगळ्या, नाही तर कुणीच नाही." तिनं आधी स्वतः बोट बुडवलं. मग वाटी माझ्यापुढं धरली.

मला आठवतं, मी लगेच हात पुढं केला नाही. सगळ्या बाया माझ्या हाताकडं बघत होत्या. शोभाचं पोर दवाखान्यात होतं, शमशादभाभींच्या घरात कमावतं दुसरं कुणी नव्हतं. कांचन हळूच म्हणाली, "मालन, तुझ्यावर माझा जिवापलीकडं विश्वास आहे." मी बोट बुडवलं.

घरी सांगितलं तर आमचे हे जेवता जेवता थांबले. ते साखर कारखान्यात फिटर होते, मोजकं बोलणारे.

"ती खुर्ची घे तू," ते म्हणाले. "दुधात बोट बुडवून पोटं भरत नाहीत."

"शब्द दिलाय मी."

"बाकीच्यांनी पाळला म्हणजे झालं."

"कांचननंच तर घ्यायला लावला. ती मोडेल का?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. पाणी प्यायले आणि उठले.

मोरबाळे साहेबांच्या केबिनमध्ये मी एकटी गेले. कांचन दाराबाहेर उभी होती. जाताना तिनं माझा हात दाबला होता.

"साहेब, मी नाही येत ट्रेनिंगला."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "घरातून नको म्हणतात का?"

"नाही. आमचं सगळ्यांचं ठरलंय. घ्यायचं तर सगळ्यांना कुठं ना कुठं घ्या."

"तुला कुणी शिकवलं हे बोलायला?"

"कुणी नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं रागावतील. पण त्यांच्या तोंडावर राग नव्हता, कीव होती. ती कशाची, ते तेव्हा मला कळलं नाही. "मालन, मी दुसऱ्यांदा विचारणार नाही," ते म्हणाले.

"नका विचारू."

मी बाहेर आले. कांचननं मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावर ओक्साबोक्शी रडली. इतकी की मीच तिला थोपटत होते. "माझ्यासारखं दुसऱ्या कुणी केलं नसतं," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिला 'तुझ्यासारखं' म्हणायचं असेल, रडण्यात शब्द चुकला असेल, असं मी धरून चालले.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी कांचन मिरजेला माहेरी गेली. आईला अर्धांगाचा झटका आलाय, म्हणाली, कधी येईन सांगता येत नाही. घरात आजारी नवरा आणि कमी दिसणारी सासू. मी म्हटलं, "तू जा निवांत. मी आहे."

मग रोज कामावरून आल्यावर भाकरी-कालवण करून मी तिच्या घरी पोचवत होते. सासू तोंडभर आशीर्वाद द्यायची. सर्जेराव मात्र विचित्र वागायला लागला होता. एरवी 'वहिनी, आज काय बातमी?' म्हणून चेष्टा करणारा माणूस, मी आत आले की भिंतीकडं तोंड करून पडायचा. एकदा म्हणाला, "वहिनी, तुम्ही नका येत जाऊ."

"का? भाकरी कडक होतात का माझ्या?"

"तसं नाही." एवढंच म्हणाला आणि डोळे मिटून घेतले. मी समजले, पडून पडून माणूस कंटाळला असेल.

इकडं डेअरीत आम्ही वाट बघत होतो. संचालक काहीच बोलत नव्हते. ट्रेनिंगला कोण गेलं, कुणी गेलं का, काही पत्ता लागत नव्हता. बाया म्हणायच्या, बघा, अडलंय त्यांचं. आम्हाला धीर आला होता. कांचन असती तर तिनं अजून जोर लावला असता, असं मीच सगळ्यांना सांगत होते.

उद्घाटनाच्या दिवशी हॉल धुऊन पुसून लख्ख केला होता. दाराला झेंडूची तोरणं, फरशीवर रांगोळी. चेअरमनसाहेब, संचालक, पंचक्रोशीतले दूध घालणारे शेतकरी असे सगळे जमले होते. आम्हाला एकसारख्या साड्या देऊन ओवाळायला उभं केलं होतं. पाहुण्यांबरोबर आम्हीपण आत गेलो. चेअरमननी नारळ फोडला आणि काचेच्या खोलीकडं बघून हात वर केला.

खोलीत निळा कोट आणि पांढरी टोपी घातलेली एक बाई खुर्चीवर बसली होती. तिनं पॅनलला बोट लावलं. पट्टा चालू झाला, सोंड खाली आली, पिशव्या क्रेटमध्ये बसल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अगं," शमशादभाभी माझ्या कानाशी म्हणाल्या, "ती आपली कांचन ना गं?"

माझ्या हातात ओवाळायचं ताट होतं. ते शोभानं काढून घेतलं म्हणून पडलं नाही.

पाहुणे जेवायला गेल्यावर बाया तिच्यावर तुटून पडल्या. कुणी तिचा कोट ओढला, कुणी तिला नको ते बोललं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "बोला, काय बोलायचं ते बोला. संचालकांनी सांगलीचा एक पोरगा बघून ठेवला होता. मला ऐनवेळी कळलं. तुम्हाला विचारायला वेळ नव्हता. आपल्यातली कुणीच नसती तर तो तरी इथं बसलाच असता. निदान एक चूल तरी पेटली ना? माझ्या घरात काय चाललंय ते तुम्हाला माहीत नाही का?"

आणि गंमत बघा, तिची बाजू मीच घेतली. "सोडा तिला," मी म्हणाले. "ती खोटं सांगत नाही. तिला गरज होती." बाया माझ्याकडं बघतच राहिल्या. शमशादभाभी म्हणाल्या, "मालन, तू येडी आहेस." मला खरोखर तसंच वाटत होतं की तिचा नाइलाज झाला असेल. मला फक्त एक समजत नव्हतं. तिनं मला तरी सांगायचं होतं. मी ज्या घरी रोज भाकरी नेत होते, त्या घरात सगळ्यांना ते माहीत होतं.

बेलसरे साहेब परत जायला निघाले तेव्हा मला भेटायला मुद्दाम खाली आले. आम्हाला महिन्याभराची नोटीस लागली होती आणि तोवर आम्ही हॉल पुसणं, जुन्या क्रेट घासणं असली कामं करत होतो.

"ताई, राग मानू नका, पण एक विचारू?" ते म्हणाले. "तुम्हाला यायचंच नव्हतं तर आधी सांगायचं ना. मी किती आशेनं तुमचं नाव दिलं होतं."

"मला यायचं होतं, साहेब. सगळ्यांचं ठरलं म्हणून नाही आले."

"पण कांचनताई तर म्हणाल्या होत्या, तुमच्या घरातून परवानगी मिळणार नाही."

"कधी?"

"तुम्ही पहिल्यांदा लाईन चालवली ना, त्याच दिवशी. त्या मला येऊन भेटल्या. पॅनलला तुमच्यातली एक घ्यायची आणि मी तुमचं नाव देणार, हे मीच त्यांना बोललो. विचारत होत्या, मालन नाही म्हणाली तर पुढं कुणाचा नंबर? मी म्हटलं, दहावी झालेल्या तुम्हीच आहात, म्हणजे तुमचा. मोरबाळे साहेबांकडंपण त्या जाऊन आल्या होत्या. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

मी म्हटलं, "सांगितलं होतं. विसरले मी."

ते गेले. मी घासत होते ती क्रेट घासून पुरी केली. दुसरी घेतली. वाटीतलं दूध, तिचा कापणारा आवाज, साहेबांच्या तोंडावरची ती कीव, सर्जेरावचं भिंतीकडं वळलेलं तोंड, एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसत होती. शपथ मोडल्याचं मी तिला माफ केलं होतं. पण ती शपथ मोडलीच नव्हती. ती मला अडकवायलाच घातली होती. मी शब्द मोडणार नाही हे तिच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्याच्यावरच तिनं सगळा डाव लावला होता.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. ती अंगणात भांडी घासत होती. मला बघून तिला कळलं. उठली नाही.

"बेलसऱ्यानं सांगितलं ना," ती म्हणाली.

"माझ्याकडं मागितली असतीस तर मी तुला दिली असती गं ती खुर्ची."

"माहीत आहे मला."

"मग?"

ती भांडं तसंच हातात धरून बसली. आतून सर्जेरावच्या खोकल्याचा आवाज आला.

"दिली असतीस," ती म्हणाली. "नोकरी तू लावलीस. माझ्या क्रेट तू भरल्यास. ह्यांच्या दवाखान्याला धावलीस तू. सणाला पोळ्या तुझ्या घरनं आल्या. आता खुर्चीपण तू दिली असतीस आणि मी जन्मभर त्या खुर्चीवर तुझी म्हणून बसले असते. मालन, मला एक तरी गोष्ट तुझ्याकडून न घेता मिळवायची होती."

"चोरून मिळवलीस."

"हो, चोरून. पण मागून नाही."

मला तिला खूप काही बोलायचं होतं. रस्ताभर मी ते मनात जुळवत आले होते. त्यातलं एकही वाक्य या उत्तरापुढं उभं राहीना. मी कधीच तिला काही बोलून दाखवलं नव्हतं. एकदाही नाही. आणि ती माझा प्रत्येक घास मोजत बसली होती. मी तशीच परत फिरले.

नोटीस संपायच्या आत एक प्रकार घडला. पिशवीवर रोज तारीख छापली जाते. लाईन सुरू करताना पॅनल आदल्या दिवसाची तारीख दाखवतं आणि ऑपरेटरनं ती बदलून, बघून होकार दिल्याशिवाय मशीन चालत नाही. त्या दिवशी कांचननं न बघता होकार दिला असावा. सकाळचा सगळा माल आदल्या दिवसाच्या तारखेनं निघाला. गाड्या भरताना ते कुणाच्या तरी लक्षात आलं. माल परत आणून एकेक पिशवी फाडून दूध पुन्हा टाकीत घ्यायचं काम आम्हा बायकांवरच आलं. गुडघ्याएवढा पिशव्यांचा ढीग घेऊन आम्ही फरशीवर बसलो होतो तेव्हा मोरबाळे साहेब तांबडेलाल होऊन आले. मागं कांचन.

"साहेब, पहाटे लाईट गेली होती," ती सांगत होती. "त्यामुळं मशीनची तारीख मागं गेली. माझी चूक नाही."

"लाईट गेल्यावर तारीख मागं जाते? मला वेड्यात काढतेस का? बेलसऱ्यांचा फोन लागत नाही. खरं काय ते सांग, नाही तर आत्ता तो कोट काढून ठेव." मग त्यांची नजर माझ्यावर गेली. "मालन, तू चाचणीला होतीस. होतं का असं?"

हॉलमध्ये सगळ्यांचे हात थांबले. लाईट गेली तरी तारीख जात नाही हे मला माहीत होतं. आत बॅटरी असते, ती बेलसऱ्यांनी मला उघडून दाखवली होती. 'नाही साहेब' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. शमशादभाभी माझ्याकडं बघून मान हलवत होत्या, सांगून टाक म्हणून. कांचननं माझ्याकडं बघितलं नाही. ती समोरच्या भिंतीकडं बघत होती आणि तिच्या गळ्याची शीर उडत होती.

"होतं, साहेब," मी म्हणाले. "चाचणीच्या वेळी एकदा असंच झालं होतं. हिची चूक नाही."

मोरबाळ्यांनी सुस्कारा सोडला. "बघ," ते कांचनला म्हणाले. "दुसरी कुणी असती तर आज तुला बुडवली असती. हिच्यामुळं वाचलीस. हात जोड हिला."

कांचन हलली नाही.

"जोड म्हणतो ना."

तिनं सगळ्या बायांसमोर मला हात जोडले. तिचे डोळे कोरडे होते आणि त्यांत जे होतं ते मी बरोबर ओळखलं, कारण त्याच्यासाठीच मी खोटं बोलले होते. आता ती खुर्चीपण तिला माझ्याकडूनच मिळाली होती.

"राहू दे साहेब," मी म्हणाले. "आमच्यात असलं काही नसतं."

पुढच्या आठवड्यात आम्ही सगळ्या बाहेर पडलो. शमशादभाभींनी शिवणकाम धरलं. मला वर्षभरानं इस्लामपूरच्या एका बेकरीत काम मिळालं. तिथं पाव भाजायची लाईन पॅनलवर चालायची आणि ती मी बरीच वर्षं चालवली. कांचन डेअरीतच राहिली. पुढं सुपरवायझर झाली, नव्या पोरींना शिकवू लागली. काम चांगलं करते असं सगळे सांगायचे. आम्ही एका गल्लीत राहून एकमेकींशी बोललो नाही.

सर्जेराव गेला त्या दिवशी मात्र मी गेले. न जाण्यासारखी गोष्टच नव्हती. ओसरीवर बायका बसल्या होत्या आणि प्रत्येक येणाऱ्या बाईच्या गळ्यात पडून कांचन हंबरडा फोडत होती. शमशादभाभींच्या गळ्यात पडली, शोभाच्या पडली. मला माझ्या मनाचं नवल वाटलं. मी सगळं विसरून उभी होते. एवढी वर्षं नाही नाही म्हणत मी त्याच क्षणाची वाट बघत होते की काय, कुणास ठाऊक. माझा नंबर आला तसे मी दोन्ही हात पुढं केले.

तिनं मला बघितलं. पदरानं डोळे पुसले. सरळ झाली.

"बस," ती म्हणाली. आणि माझ्या मागून येणाऱ्या बाईच्या गळ्यात पडून रडायला लागली.